गळालेलं शिंग कोणाचं?

जबलपूरच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की गढ्याचे गोंड राजे, राणी दुर्गावती, ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन, हे विषय ठरलेले असतात. आजचा विषय मात्र जमिनीवर पडलेला आहे. अगदी शब्दशः. हरणाचं गळालेलं शिंग.

हा विषय मला माझ्या भाचीने दिला. ती डेन्व्हरला असते. गेल्या मे महिन्यात तिने एक फोटो पाठवला. ती, तिचा नवरा, दोन मुलं, चौघांच्या हातात एल्क नावाच्या तिकडच्या मोठ्या हरणाचं एकेक शिंग. धाकट्यापेक्षा त्याच्या हातातलं शिंगच मोठं दिसत होतं. तिकडे उन्हाळ्याच्या तोंडावर अशी गळालेली शिंगं शोधायला अख्खी कुटुंबं डबे बांधून डोंगरात जातात. फोटोखाली निरोप होता : "मामा, डिसेंबरात जबलपूरला येतोय. तुमच्याकडे तर कान्हा आहे. मुलांना घेऊन शिंगं शोधायला जाऊ या का?"

मी लगेच लिहायला घेतलं, "नाही गं, इथे तो गुन्हा आहे." आणि थांबलो. कारण ज्या खुर्चीत बसून मी हे लिहीत होतो, तिच्या मागच्या भिंतीवर चितळाच्या शिंगांची एक जोडी होती. माझ्या आजोबांनी लावलेली. लहानपणापासून आम्ही त्यांच्यावर टोप्या आणि छत्र्या अडकवत आलो होतो. आणि घरातलं वाक्य ठरलेलं होतं : "ही काही मारलेल्या जनावराची नाहीत हो, जंगलात पडलेली होती."

तर आज आपण हे वाक्य तपासणार आहोत. पडलेलं शिंग कोणाचं असतं?

आधी एक घोटाळा निस्तरू. मराठीत गाईच्या, काळविटाच्या आणि सांबराच्या डोक्यावर जे असतं त्या सगळ्याला आपण शिंगच म्हणतो. पण त्या दोन निराळ्या वस्तू आहेत. गाय, म्हैस, गवा, काळवीट, नीलगाय, चौशिंगा यांचं शिंग म्हणजे आत हाडाचा खुंट आणि वरून आपल्या नखाच्या जातीचं टोपण. ते जन्मभर डोक्यावर राहतं. टोपण काढलं की आतून पोकळ, म्हणून तर ते फुंकून वाजवता येतं. चितळ, सांबर, बारशिंगा, भेकर यांचं शिंग फुंकायला गेलात तर गाल दुखतील, कारण ते भरीव हाड असतं. आपल्याकडच्या हरणांत ते फक्त नराला येतं, गळतं आणि पुन्हा नव्याने उगवतं.

उगवताना त्यावर मखमलीसारखी लव असलेली कातडी असते. तिच्यातून रक्त खेळत असतं. वाढ पुरी झाली की ती कातडी सुकते आणि नर झाडाच्या बुंध्याला शिंग घासघासून ती सोलून टाकतो. मग माजाचा काळ येतो, झुंजी होतात. तो जोर ओसरला की शरीरातलं नर-संप्रेरक उतरतं, शिंग जिथे कवटीला जोडलेलं असतं तिथलं हाड विरघळू लागतं आणि एक दिवस मान झटकताना किंवा झुडपातून जाताना ते गळून पडतं. दुसरं काही तासांनी, कधी काही दिवसांनी. तोवर नर चालत कुठल्या कुठे गेलेला असतो. त्यामुळे जंगलात जोडी एका ठिकाणी सापडणं फार विरळा. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे म्हण आहे, शिंगं मोडून वासरांत शिरायचं. बैलाला ते शक्य नाही म्हणून म्हणीत गंमत आहे. चितळाचा नर मात्र ते खरंच करतो. शिंगं गळाली की तो पाडसं आणि माद्यांच्या कळपात बोडक्या डोक्याने चरताना दिसतो आणि गाडीतले पर्यटक त्याला मादी समजतात.

सांबराची शिंगं साधारण उन्हाळ्यात गळतात. चितळाचं वेळापत्रक सैल. एकाच कुरणात एकाचं शिंग टणक, दुसऱ्याचं मखमलीतलं आणि तिसरा बोडका, असं दृश्य वर्षात कधीही मिळतं. पडलेलं शिंग जंगलात वाया जात नाही. साळिंदर ते कुरतडतं. त्याच्या पुढच्या दातांच्या समांतर खाचा शिंगावर अशा उमटतात की सुताराने पटाशी चालवली असं वाटावं. खुद्द चितळही पडलेली शिंगं चघळतात. चुना आणि स्फुरद ही खनिजं गवतात जितकी हवीत तितकी मिळत नाहीत, ती अशी परत वसूल होतात. म्हणजे कायदा, सरकार, इतिहास यांच्या आधीपासून पडलेल्या शिंगाला गिऱ्हाईक होतं.

माणूस या रांगेत पुष्कळ उशिरा आला, तरी हजारो वर्षं झाली. बिहारमध्ये छपऱ्याजवळ चिरांद नावाचं ठिकाण आहे, तिथल्या उत्खननात नवाश्मयुगातली हाडाची आणि हरणाच्या शिंगांची हत्यारं मोठ्या संख्येने मिळाली. इंग्लंडमध्ये ग्राइम्स ग्रेव्ह्ज या ठिकाणी चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी लोक जमिनीखालून गारगोटी खणून काढत, आणि त्यांची कुदळ म्हणजे तांबड्या हरणाचं शिंग. त्यांतली बरीचशी शिंगं गळालेली, वेचून आणलेली आहेत. तेवढी शिंगं जमवायची तर कोणीतरी दरवर्षी रानात हिंडत असणार, आणि बरोबर पोरंटोरंही असणार. हा माझा अंदाज आहे, पण भाचीचा फोटो पाहून तो मला फार धाडसी वाटत नाही.

गळालेलं आणि मारलेलं हा फरक उत्खननातल्या शिंगात ओळखतात तरी कसा? शिंगाच्या बुडावरून. गळालेल्या शिंगाचं बूड गोल, किंचित फुगीर, खडबडीत असतं आणि भोवती दाणेदार कडा असते. मारलेल्या जनावराच्या शिंगाला खाली कवटीचा तुकडा असतो, नाहीतर करवतीची खूण. आजच्या सगळ्या गोष्टीचं मर्म या बुडाशी आहे.

आपल्या मध्य प्रदेशात भीमबेटकाच्या गुहांमध्ये शिंगांचा फुलोरा मिरवणारी हरणं रंगवलेली आहेत. १९५७ साली या गुहा जगापुढे आणल्या त्या विष्णु श्रीधर वाकणकर यांनी, म्हणजे आपल्याच मराठी माणसाने. ती चित्रं पाहताना एक जाणवतं. चित्रकाराला हरणाचे पाय चार काड्यांनी भागवता आले, शिंगाला मात्र त्याने वेळ दिला आहे.

मधली राज्यं मी भराभर ओलांडतो. गढा-मंडल्याचं गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे गेलं, मग नागपूरकर भोसल्यांकडे, आणि १८१८ पर्यंत इंग्रजांकडे. मराठी माणसं जबलपुरात आली ती या काळात आणि नंतर रेल्वे, कचेऱ्या, शाळा यांच्या निमित्ताने. ती आपल्याबरोबर सहाण घेऊन आली. हे महत्त्वाचं आहे. आमच्या आजीच्या डब्यात बोटभर सांबरशिंग असायचं, घासून घासून एका बाजूने सपाट झालेलं. सूज आली, छाती भरली की ते सहाणेवर पाण्यात उगाळायचं, कोमट करायचं आणि लेप द्यायचा. आयुर्वेदात शिंगाचं भस्मही आहे, मृगशृंग भस्म म्हणून. गुण किती यायचा ते वैद्यांना विचारा. मी एवढंच सांगतो की सांबर कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या मराठी घरांतही त्याच्या शिंगाचा तुकडा होता, तो बाजारात वाण्याकडे मिळायचा, आणि तो कुठून आला हे कोणी विचारत नव्हतं.

इंग्रज आले आणि शिंगाचे दोन वर्ग पडले. एक भिंतीवरचं, एक पोत्यातलं.

भिंतीवरचं शिंग साहेबाचं. कॅप्टन जेम्स फोर्सिथ याचं मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक १८७१ चं, स्टर्नडेलचं शिवनीवरचं १८७७ चं. दोघेही आपल्या या भागात राहिलेले, हिंडलेले, जंगलावर मनापासून लिहिणारे आणि तितक्याच मनापासून बंदूक चालवणारे. पुढे लंडनच्या रोलंड वॉर्ड या भुसा भरणाऱ्या पेढीने शिकारीतल्या शिंगांच्या मापांची नोंदवहीच छापायला घेतली. १८९२ ची पहिली आवृत्ती. शिंग किती इंच, घेर किती, टोकं किती. त्या जगात गळालेल्या शिंगाला मान नव्हता. ते उचलायला हिंमत लागत नाही ना!

पोत्यातलं शिंग गोंड-बैगांनी वेचलेलं. मोहाची फुलं, हिरडा, लाख, मध गोळा करताना वाटेत दिसलं तर टोपलीत टाकायचं आणि आठवडी बाजारात वजनावर विकायचं. १८७० मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून येणारा लोहमार्ग जबलपुरात जुळले, आणि जंगलातला असा किरकोळ माल बंदरापर्यंत नेणं सोपं झालं. इंग्लंडात शेफील्डला सुऱ्या-चाकू बनतात. तिथल्या कारागिरांना मुठीसाठी हिंदुस्थानातल्या सांबराचं शिंग हवं असे, कारण ते घट्ट असतं, आतला सच्छिद्र गाभा कमी, आणि वरचा खडबडीत पोत हाताला पकड देतो. विशाखापट्टणमच्या कारागिरांच्या नक्षीदार पेट्यांवरही शिंगाचे पातळ पत्रे असत. साहेबाच्या टेबलावरची मांस कापायची सुरी आणि आमच्या आजीचा लेप, दोन्हींचा उगम त्याच रानातला.

मग सरकारच्या लक्षात आलं की जंगलात पडलेली प्रत्येक वस्तू कोणाची तरी ठरवली पाहिजे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'वनोपज' या शब्दाची व्याख्या आहे. जंगलात सापडलेले किंवा जंगलातून आणलेले वन्यप्राणी, कातडी, सुळे, शिंगं, हाडं, रेशीम, कोष, मध, मेण, सगळं एका ओळीत. म्हणजे हरणाने टाकलेलं शिंग आणि झाडावरचं पोळं एका रांगेला आलं. ते वेचायचं तर सरकारची परवानगी, न्यायचं तर पास. बैगाच्या टोपलीतली वस्तू कागदावर सरकारची झाली.

तरीही व्यवहार चालूच होता. खरा बदल झाला १९७२ मध्ये. त्या वर्षीच्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात, शिकारीची निशाणी म्हणून जे जे जपलं जातं त्याच्या व्याख्येत शिंगाचं नाव स्पष्ट घातलेलं आहे. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून तर परवानगीशिवाय कोणतंही वनोपज हलवता येत नाही. बाहेर मात्र चितळ-सांबराच्या गळालेल्या शिंगांचा धंदा परवान्यावर बरीच वर्षं टिकला. निर्यात थांबली ती शतक संपता संपता. तेव्हा परदेशातल्या चाकूवाल्यांची तारांबळ उडाली आणि जुना साठा सोन्याच्या भावाने जाऊ लागला.

इथे माझ्या भाचीने विचारलेला प्रश्न सगळेच विचारतात. मारलं नाही, दुखावलं नाही, झाडाचं पान पडावं तसं पडलेलं उचललं, मग गुन्हा कसला?

उत्तर बुडाशी आहे. जंगलात शिंग उचललं तेव्हा ते गळालेलं आहे की कापलेलं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण व्यापाऱ्याने बूड कापून टाकलं, शिंगाचे चार तुकडे केले, मूठ बनवली, बटणं पाडली, भुकटी केली, की संपलं. गळालेल्या शिंगाचं बटण आणि मारलेल्या सांबराच्या शिंगाचं बटण यांत फरक राहत नाही. एकाला परवाना असला की दुसरं त्याच पोत्यात बसून जातं. आणि किंमत वाढली की चोरट्या शिकाऱ्याने शिंग गळायची वाट का पाहावी? आज पकडलेला तुकडा कोणत्या प्राण्याचा आहे हे ओळखता येतं. आमच्या जबलपुरातच नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विश्वविद्यालयात वन्यजीवांच्या न्यायवैद्यक तपासाचं केंद्र आहे. पण भुकटी सांबराची आहे हे कळलं, तरी ते सांबर तेव्हा जिवंत चालत पुढे गेलं की तिथेच पडलं, हे भुकटी सांगत नाही.

यात एक विसंगती आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. त्याच कायद्यात मोराच्या पिसाऱ्यातल्या पिसांना देशांतर्गत व्यवहारात सूट आहे. मोरही पिसं गाळतो, हरीणही शिंग गाळतं. एकाचं देवघरात चालतं, दुसऱ्याचं चालत नाही. आणि किंमत मोजली ती सगळ्यांत कमी दोष असलेल्याने. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासींची मालकी मान्य केली, पण यादी वनस्पतीजन्य मालाची. बांबू, तेंदूपान, औषधी मुळ्या, त्यांच्याबरोबर मध, मेण, लाख, टसर हेही आलं. शिंग नाही आलं. १९२७ मध्ये मधाच्या शेजारी बसलेलं शिंग २००६ मध्ये त्या पंगतीतून उठवलेलं होतं. मला बंदी बरोबर वाटते. तरी ज्याने पिढ्यान्‌पिढ्या फक्त पडलेलंच उचललं त्याची मिळकत गेली, याबद्दल कोणी कधी दोन शब्द बोललं नाही, हे मला खटकतं.

मग अमेरिकेत कसं चालतं? वायोमिंगमध्ये जॅक्सन नावाचं गाव आहे. गावाला लागून एल्कसाठी राखलेलं कुरण. हिवाळ्यात तिथे हजारो एल्क उतरतात आणि शिंगं टाकून परत डोंगरात जातात. राखीव कुरणातून कोणालाही शिंग उचलता येत नाही. तिथली शिंगं गावातली बालवीर मुलं गोळा करतात आणि मे महिन्यात गावच्या चौकात त्यांचा लिलाव होतो. १९६८ पासून ही रीत आहे. पैशांतला पाऊण हिस्सा पुन्हा कुरणाला जातो. त्या चौकाच्या चारही कोपऱ्यांत शिंगांच्याच कमानी आहेत, भाचीच्या मुलांचे तिथलेही फोटो आहेत. पण तिकडेही सगळं आलबेल नाही. शिंगांना भाव आला तशी माणसं हिवाळा संपायच्या आत डोंगरात घुसू लागली. उपासमारीने आधीच खंगलेली जनावरं माणसाला पाहून पळायची, उरलीसुरली ताकद घालवायची. म्हणून वायोमिंगच्या मोठ्या भागात सार्वजनिक जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल शिंग उचलायला बंदी आली. १ मेच्या पहाटे गाड्यांची रांग लागते. भाचीचा फोटो मे महिन्यातलाच का होता, ते मला हे वाचल्यावर कळलं.

आमच्याकडे मात्र रांग लावण्याइतकी चैन नव्हती. कान्हातला बारशिंगा बघा. टणक जमिनीवर राहणारी ही पोटजात जगात फक्त मध्य भारतात उरली. मध्य प्रांतातला वनाधिकारी डनबर ब्रँडर, ज्याचं इथल्या प्राण्यांवरचं पुस्तक १९२३ मध्ये आलं, त्याच्या नावावरून तिचं शास्त्रीय नाव पडलं. जॉर्ज शालरने साठच्या दशकात कान्हात राहून हरणांचा आणि वाघाचा अभ्यास केला, तेव्हाच बारशिंग्याची घसरण लागलेली होती. १९७० च्या मोजणीत उरले ६६. सगळे मिळून, माद्या-पाडसांसह! आपल्या सोसायटीतल्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त माणसं असतात. मग गावं हलवली, कुरणं मोकळी केली, वाघ आत येणार नाही असं कुंपण घालून आत प्रजा वाढवली. आज तिथे शेकड्यांनी बारशिंगे आहेत आणि २०१५ मध्ये काही सातपुड्यातही नेऊन सोडले. ज्या काळात ६६ उरले होते, त्या काळात बारशिंग्याचं एक शिंग बाजारात दिसलं, तर ते गळालेलं आहे या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

आता भिंतीकडे येतो.

आमचे आजोबा बंगाल नागपूर रेल्वेत होते. जबलपूरहून नैनपूरमार्गे गोंदियाला जाणारी छोटी गाडी, जी २०१५ पर्यंत धावली, तिच्यावर त्यांची नोकरी झाली. नैनपूर-मंडला फाट्यावर चिरईडोंगरी म्हणून स्टेशन आहे, कान्हाच्या बाजूचं. तिथे एका बाजारकऱ्याकडून त्यांनी ही शिंगं घेतली, १९५० च्या दशकात केव्हातरी. सागवानी फळी, वर दोन शिंगं, प्रत्येकाच्या बुडाशी पितळी टोपी. आजोबा शाकाहारी, वारकरी. मारलेल्या जनावराची वस्तू त्यांनी घरात आणली नसती. "पडलेली आहेत" हे त्यांना सांगितलं गेलं, ते त्यांनी आम्हाला सांगितलं, आम्ही पाहुण्यांना.

भाचीला उत्तर पाठवण्याआधी मी ती जोडी खाली काढली. घरात कागद एकही नव्हता. वन विभागाच्या कार्यालयात जमा करायची ठरवलं. तिथे एका वनरक्षकाने फळी उलटी केली, पेचकसाने पितळी टोप्या काढल्या. सत्तर वर्षांत आमच्यापैकी कोणाला हे सुचलं नव्हतं. पहिल्या शिंगाचं बूड गोल, खडबडीत, दाणेदार कडेचं. दुसऱ्याचं बूड सपाट, करवतीने कापलेलं, आणि मधोमध कवटीच्या हाडाचा पांढरट तुकडा.

"ये वाला झड़ा हुआ है," तो म्हणाला, "और ये वाला काटा हुआ. जोड़ी नहीं है साहब, जोड़ी बनाई गई है."

मी तुम्हाला मघाशी म्हणालो होतो, जोडी एका ठिकाणी सापडत नाही. मला हे पुस्तकातून वीस वर्षं ठाऊक होतं. त्या फळीखाली बसून मी ते वाचलंही असेन.

विकणाऱ्याने आजोबांना फसवलं का? की आजोबांनी विचारलंच नाही आणि पुढे स्वतःच ते वाक्य जोडलं? त्या काळी परवाना काढून शिकार करणं कायदेशीर होतं, त्यामुळे तो गुन्हाच होता असंही म्हणता येत नाही. आईला, म्हणजे आजोबांच्या सुनेला, मी हे सांगितलं. ती ब्याण्णव वर्षांची आहे. ती म्हणाली, "त्यांना तू हे सांगितलं नसतंस ना?" नसतं सांगितलं. भिंतीवर आता चार खिळ्यांची भोकं आणि मागचा मूळ निळा रंग आहे.

डिसेंबरात मंडळी आली. कान्हात गाडीतून उतरता येत नाही, म्हणून मुलांना मी आधी जबलपूरच्या डुमन्याला नेलं. विमानतळाच्या बाजूला नगर निगमचं हजारेक हेक्टरचं राखलेलं रान आहे, खंदारी जलाशयाला लागून. तिथे चितळ मोकळे असतात आणि पायी हिंडता येतं. नियम एकच केला होता : शोधायचं, बघायचं, वहीत लिहायचं, हात लावायचा नाही. मखमली शिंगांचा एक नर दिसला, दोन टणक शिंगांचे. दुसऱ्या तासाला थोरलीला वाटेच्या कडेला करवंदीच्या जाळीत एक शिंग दिसलं. लहानसं, तीन टोकांपैकी एक पार खाल्लेलं. मुलं पोटावर पालथी पडली. बूड गोल आहे, लिहा. खाचा एकवीस मोजल्या, लिहा. वीतभर लांबून माप घेतलं. धाकट्याने विचारलं, आपण नाही न्यायचं तर मग हे कोणाचं? थोरली वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, साळिंदराचं, अजून खाऊन संपलं नाहीये.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हट्ट धरला, पुन्हा जायचं. गेलो. जाळी सापडली, पालथं पडल्याच्या खुणाही सापडल्या. शिंग तिथे नव्हतं. साळिंदराने ओढून नेलं की कोणा माणसाने, ते जमिनीवरून काही कळलं नाही. मुलांनी वहीत ती ओळ रिकामी सोडली आहे.